वीस पैसे, वरणगाव

मार्चअखेर सर्क्युलर आलं:
निर्वासितांचं पाच पैशांचं तिकीट
उद्यापासून सक्तीचं नाही.
उरलेली मोजली, दोरा बांधला,
वहीत लाल रेघ ओढली.

दुसऱ्याच दिवशी द्वारकाबाई झोपे
सुरतेच्या लेकीसाठी अंतर्देशीय घ्यायला आल्या.
सवयीनं पाच पैसे वेगळे काढून ठेवले.
म्हटलं, मावशी, बंद झालं ते आता.
त्यांनी नाणं उचललं नाही.
"मंग गेले का ते समदे आपल्या घरी?"

कोटीभर माणसं, असं पेपरात होतं.
माझा तराजू पाव किलोच्या वर तोलत नसे.
मी म्हटलं, गेले असतील.
"असतील म्हन्जे?
सतरा पत्रं धाडली म्या, भाऊ.
पंच्याऐंशी पैशे हायेत माह्ये त्याच्यात."

त्या साली तापी ओलांडताना
चप्पल काढावी लागत नव्हती.
टेबलावरची स्पंजाची वाटी कोरडी ठणठणीत,
आणि उन्हानं डिंक आखडून
तिकिटांचे ताव आपोआप गुंडाळायचे,
केळीच्या न उघडलेल्या पानासारखे.

एप्रिलात जळगावहून पुडा आला, तारखेला चार दिवस उशिरा.
जय बांग्ला. वीस पैसे.
तिकडं त्यांची पहिली संसद भरली
म्हणून आपल्या खात्यानं काढलेलं.
पोस्टमास्तर म्हणाले, काचेखाली लावा एक.
लावलं. दोन दिवस कुणी विचारलं नाही.
एकानं विचारलं, हे मनिऑर्डरला चालतं का.

तिसऱ्या दिवशी, पाळी सुटल्यावर,
फॅक्टरीतले नृपेनबाबू.
तिथं काय बनतं ते गावात कुणी मोठ्यानं बोलत नसे,
पण सगळ्या पाळीच्या हातांना पितळेचा वास यायचा,
एकाहत्तरच्या हिवाळ्यात तर
जेवणाच्या डब्यांनाही.
ते काचेवर वाकले. चष्मा काढला, परत लावला.
मग एकच तिकीट मागितलं,
आणि लिफाफा पुढं केला.
वर तीन ओळी त्यांच्या अक्षरात,
चौथी इंग्रजीत, आमच्यासाठी: फरीदपूर.
कोण आहे तिथं, विचारलं.
"मोठी बहीण. होती.
सत्तेचाळीसला तिनं दार आतून लावून घेतलं."

तिकीट जिभेवर ठेवलं, चिकटेना.
पुन्हा ठेवलं.
मग त्यांनी डबा उघडला,
तळाशी राहिलेली भाताची दोन शितं
नखानं लिफाफ्यावर चेचली
आणि अंगठा दाबून उभे राहिले,
मागं रांग असताना,
भाकरी खाणाऱ्या गावातली रांग,
जी त्या दिवशी का कोण जाणे गप्प होती.

आता शिक्का.
नियम असा की तिकीट पुन्हा वापरता येऊ नये
एवढं तरी ते मेलं पाहिजे.
तेवीस वर्षांच्या नोकरीत
मी राजे मारले, गांधी मारले,
धरणं, विमानं, मोर,
ठाक ठाक, न बघता.
हे एक मात्र उजव्या कोपऱ्यात,
दार वाजवावं तसं.
तरी शाई पसरलीच. वरणगाव उमटलं,
तारीख अर्धी.

द्वारकाबाई जूनमध्ये आल्या, तेव्हा काचेखालचं ते
उन्हानं फिकटलं होतं.
बोट ठेवून म्हणाल्या, ह्याच्यात घर कोठी हाये?
मी म्हटलं, सभा भरली त्यांची, मावशी. स्वतःची.
"सभा भरन बाप्पा. चूल पेटली का?"
मला नृपेनबाबूंचं पत्र आठवलं.
त्याला दोन महिने झाले होते.
पत्ता चुकला, माणूस मेलं, घर पडलं,
तर खातं पत्र परत आणतं, कधी वर्षानंही,
पाठीवर चार शिक्के घेऊन.
रोज सकाळची पिशवी मी आधी त्यासाठीच उलटी करायचो.

त्याही सकाळी केली होती.
मावशीला म्हटलं, हो, पेटली.
कारण ते परत आलं नव्हतं,
आणि आमच्या खात्यात
ह्यालाच पोचलं म्हणतात.