राखीव ओळ

सात दुरुस्त्या आल्यात. पाठवणारा कुणी जोसेलिन,
कुठल्या देशातला, माहीत नाही.
स्वल्पविरामांवर त्याचा फार जीव.
दस्तऐवज अशा मेमरीचा आहे
जी कुठल्याच खाचेत बसवलेली नाही.
ना चिप, ना सोनेरी दात, ना हाताला लागणारी धग.
यजमान मशीन पाहुण्या मशीनला सांगतं, ही बघ, आहे,
आणि पाहुणा तिच्यात लिहीत सुटतो.

पहिली : 'कायम' या शब्दात एक अक्षर उलटं पडलेलं.
मंजूर.
दुसरी : लेबलला किमान किती जागा, ते लिहायचंच राहिलं होतं.
कमी देऊन पाहिली. खरंच अडतं. मंजूर.
तिसरीत त्यानं अख्खं वाक्य खोडलंय,
'वीज गेली तरी लिहिलेलं राहतं.'
त्याखाली घातलंय,
'मागे फाईल असेल, आणि ती सामाईक उघडलेली असेल, तरच.'

इथं मी चहा ठेवायला उठले.
दुपारी दोन ते पाच आमच्याकडे वीज नसते.
इन्व्हर्टर लॅपटॉपपुरता, पंख्यापुरता नाही.

हे गाव नवं आहे. जुनं धरणाच्या पोटात.
साहेबांनी नकाशावरून जसंच्या तसं उचललं :
घरांचे आकडे तेच, गल्ल्यांचा क्रम तोच,
सोळाच्या भिंतीला सतरा, शाळेसमोर मारुती.
वैनगंगा तेवढी उचलता आली नाही.
तिच्या जागी डांबरी रस्ता आहे,
आणि पाहुण्यानं वाट विचारली
तर म्हातारे अजून सांगतात, नदीकडे वळा.

चौथी. मूळ वाक्य, 'पाहुण्याला फरक कळत नाही.'
जोसेलिननं केलं, 'पाहुणा विचारत नाही तोवर फरक कळत नाही.'
दोनदा वाचलं. मंजूर लिहायला
जरा वेळ लागला.

पाचवी उघडली आणि दारात अंतकलाबाई लांजेवार,
हातात ग्रामपंचायतीची नवी यादी,
शिपायानं वाटलेली, हरकती आठ दिवसांत.
'वाच पोरी, का लिवलं हाये यात.'
यादीत तेवीस नंबर गाळलाय.
तेविसाचा प्लॉट फागोजी दिघोऱ्यांचा. मोबदला घेऊन
ते रायपूरकडे गेले, इथं वीटही ठेवली नाही.
म्हणून चोवीस आता तेवीस, पंचवीस आता चोवीस,
आणि अंतकलाबाई एकतीसच्या तीस.
'माझा दरवाजा सरकवतेत का हे?
रेशन तिथंच, पेन्शन तिथंच, नातवाची चिठ्ठीबी तिथंच येते.
तेवीस खाली हाये त खाली राहू दे ना बाप्पा.
खाली जागा का कोनाले चावते?'

मी यादीच्या समासात हरकत लिहून दिली.
तिनं अंगठा नाही, सही केली,
'ल' वर वेळ घेत.

मग पाचवी दुरुस्ती पाहिली.
तक्त्यातली एक ओळ काढून टाका, म्हणतो तो,
'राखीव' लिहिलंय, कुणी वापरत नाही, वाचणारा गोंधळतो.
चूक म्हणता येणार नाही. मीही नवी असताना गोंधळले होते.
पण त्या ओळीखालचे सगळे आकडे
तिच्या रिकामेपणावर मोजलेले आहेत.
मी लिहिलं : नामंजूर. ही ओळ राहू द्या.
काढलीत तर पुढचे पत्ते सरकतील,
आणि जुनी यंत्रं जुन्याच दारावर येऊन थाप देतील.

कारण विचारलं तर काय सांगायचं, ते ठरवलं नव्हतं.
त्यानं विचारलं नाही.

सहावी, सातवी स्वल्पविराम. मंजूर, मंजूर.
पाच वाजता पंखा फिरला,
यादीचा कागद टेबलावरून उडाला
तो मी पातेल्याखाली दाबून ठेवला.

रात्री दुसरी आवृत्ती आली.
राखीव ओळ परत जागेवर,
तिचे आकडे बरोबर, खालचेही बरोबर,
फक्त 'राखीव' लिहिताना जोसेलिननं
एक अक्षर गाळलंय.