दोरी

कॅंटीनचं कार्ड जमा करायला लागेल, म्हणाला खिडकीतला पोरगा.
पर्समधून काढताना उगाच एकदा फोटो पाहिला तुमचा,
हसू नका म्हटल्यावर हसू आल्यासारखा.
सुभेदार हैबतराव कोंडिबा शेडगे, निवृत्त.
'रद्द'चा शिक्का नीट उमटला नाही,
त्यानं पुन्हा दाणकन मारला.
तुम्ही म्हणाला असता,
शिक्का मारायचा नसतो रे, ठेवायचा असतो.

अण्णा,
शाळेच्या नकाशात मी छप्पन एपीओ शोधायचे.
तुमच्या पत्रांवर तेवढंच असायचं,
गाव नाही, तालुका नाही.
आईला विचारलं तर ती दारूगोळा कारखान्याच्या
पहिल्या भोंग्याच्या घाईत, डब्याचं झाकण दाबत म्हणायची,
"असेल पुढच्या पानावर."
पुढच्या पानावर समुद्र होता.

निळ्या आंतर्देशीयावर मला उभी करून
ती पावलाभोवती पेन्सिल फिरवायची.
अंगठा थेट पत्त्याच्या रकान्यात जायचा.
त्या मापाचे बूट तुम्ही आणायचात, एक नंबर मोठेच.
"पत्र पोचेस्तोवर, रजा मंजूर होईस्तोवर,
गाडी पुण्याला लागेस्तोवर
पाय काय सावधानमध्ये उभा राहतोय होय?"
पुढे कापसाचा बोळा कोंबून
मी खडकी बाजारातनं टकटक करत शाळेत.

आणि त्याच्याही आधीचं,
जे आईनं इतक्यांदा सांगितलं
की आता मला आठवतं असंच वाटतं.
मी तीन वर्षांची. दारात तुम्ही, खांद्यावर होल्डॉल.
मी आत ओरडले, "आई, कोणीतरी मिलिटरी आलंय!"
तुम्ही हसला नाहीत म्हणे.
टाच जुळवून मला सॅल्यूट ठोकलात
आणि म्हणालात, "हो. आलंय."

रजेच्या साठ दिवसांत वेणी तुमच्याकडे.
नद्यांवर पूल टाकणारा माणूस तुम्ही,
ट्रक पार झाले की तोच पूल उकलून ठेवणारा,
पण वेणीला गाठ मारायचात ती कायमची.
कोंढाळकर बाईंनी विचारलं, कुणी घातली गं ही?
मी म्हटलं, सॅपरनी.
संध्याकाळी आई सुयेनं ती सोडवायची
आणि तुमच्या अख्ख्या पलटणीचा उद्धार करायची.

काल काळी ट्रंक उघडली.
झाकणावरचा नंबर तुम्ही दर दिवाळीला
पांढऱ्या रंगानं गिरवायचात, तो अजून ठसठशीत.
पदकं एका मोज्यात. मोजा रफू केलेला.
खाली, मेणकापडात, दोरी.

मला वाटलं तंबूची असेल.
मग गाठी दिसल्या.
प्रत्येक रजेची एक. प्रत्येक रजेला दाराशी
पाठ लावून उभी केलेली मी.
कुठं दोन बोटं अंतर, कुठं तीन.
एका ठिकाणी मात्र पुरी वीत,
मध्ये गाठच नाही.
त्या वर्षांबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत,
दोरीही बोलत नाही.

वरच्या टोकाला पाच-सहा गाठी एकीवर एक,
मुठीएवढा गुंता.
तेव्हा तुम्ही पेन्शनीत आला होतात,
रोज होळकर पुलापर्यंत चालत जाऊन
त्याच्या कमानी तपासून यायचात.
मी माहेरी आले, की चहाच्या आधी, "दाराला पाठ लाव."
जावई तोंड फिरवून हसायचे.
मलाही वाटायचं, म्हातारपण.
वाढायची तर मी कधीच थांबले होते.

कमांड हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात
तुम्ही हवेत बोटांनी काहीतरी बांधत होतात.
नर्स म्हणाली, भ्रम आहे.
असेल.

आज घरात कुणी नाही.
दाराला पाठ लावून, टाच जुळवून,
दोरीचं टोक पायाखाली धरलं, वर ताणली.
शेवटची गाठ डोक्याच्या बोटभर वर गेली.
पुन्हा करून पाहिलं, अण्णा. तेवढीच.

अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस आखडायला लागतं म्हणतात.
आता ही गाठ खाली कुणी मारायची?