डोंग्याचा फॉर्म

रकाना सात: भाडं घेता काय?
म्या म्हटलं, साहेब, कोणी शिंगाडे देते,
कोणी बिडी. कोणी नुसतं, "येतो बाप्पा."
त्यायचा पेन थांबला.
"मंग ते प्रवासी का पाहुणे?"

रकाना नऊ: माणसं किती?
माह्या बापानं माणसं मोजली नाईत कधी.
फळीले बाहेरून एक खिळा ठोकला होता,
पाणी खिळ्याले टेकलं का बस,
उरलेले काठावर.
खिळा रकान्यात मावला नाई.

रकाना अकरा: बुडाल्यास जबाबदार.
तिथं मातर एका दमात लिवलं,
सुखदेव मारोती बावणे.

विमा नाई, म्हणून परवाना नाई.
सिव्हिल लाईन्सातून सायकल हाणत
गोरेवाड्याले परत.

रविवारी तेच साहेब काठावर, लेकीले घेऊन.
"पल्याडचे बगळे पाह्याचे आहेत इले."
जाकीट एकच. पोरीले घातलं,
गाठ दोनदा ओढून पाह्यली.
पाणी खिळ्याच्या दोन बोटं खाली.

मधात त्यायनं वीसची नोट काढली
अन् हात तसाच राह्यला.
मीबी वल्हं उचललं नाई.

नोट फळीवर, भिजत.
पोरगी बगळे मोजत होती.