हाताचा इशारा

आमच्या सिल्लोडच्या चौकातला सिग्नल
पोळ्यापासून लालच आहे. चारी बाजूंनी लाल.
नगरपरिषद म्हणते, आमच्याकडं येत नाही,
बांधकाम खातं म्हणतं, अर्ज करा.
लोक तर त्याच्याकडं बघतच नाहीत.
रुसलेल्या जावयाकडं चौथ्या दिवशी कोण बघतं?

त्या दिवशी साडेअकराला
मिरचीचे टेम्पो, मक्याचा ट्रॅक्टर, सोयगावची एसटी,
सगळ्यांचे हॉर्न एकदमच पेटले.
अर्धा चहा टाकून उठलो.
बघतो तर पांढऱ्या पट्ट्यांच्या अलीकडं
(म्हणजे पट्टे जिथं होते, त्या जागेच्या)
भाड्याची स्कूटी,
हेल्मेटचा बंद हनुवटीखाली नीट लावलेला,
एक गोरी बाई, एक पाय टेकवून,
दिवा हिरवा व्हायची वाट बघायली.

होमगार्ड गव्हाणे म्हणाला, वीस मिनिटं झाली, साहेब.
पाण्याची बाटली संपली तिची.

आता सांगा, कलम कुठलं लावू?
रस्ता अडवला म्हणून,
का लाल दिव्याला थांबली म्हणून?
सतरा वर्षांच्या नोकरीत
पहिलाच गुन्हेगार असा,
ज्याच्याकडं सगळे कागद होते.

करड्या रंगाचं पुस्तक काढलं तिनं.
एकच मजकूर सात-आठ लिप्यांत. आपली एकही नाही.
देश: एस्टोनिया.
मला वाटलं, एसटीचंच एखादं खातं असंल.
मशीनमध्ये नाव टाकाया गेलो,
तर आडनावाच्या डोक्यावर दोन टिंबं, ती कुठून आणू?
मोबाईलच्या रकान्याला दहाच आकडे पाहिजेत,
तिचे अकरा.
मग रेंजच गेली.

गव्हाणे कानाशी आला, पाचशे म्हणा की, देईल.
मी काही धुतल्या तांदळाचा नाही.
पण बाईनं त्याची बोटं बघितली
(ती भाषा सगळ्या देशांत कळते वाटतं)
आणि पाकीट उघडून सरळ विचारलं,
रिसीट?

गव्हाणे चहाचे पैसे द्यायला म्हणून गेला
तो बराच वेळ आला नाही.

गो, म्हणलं. गो मॅडम.
तिनं दिव्याकडं बोट केलं.
माझं इंग्रजी पावतीपुरतं, तिचं त्याहून जरा बरं,
तेवढ्यात कळलं ते असं, की तिच्या गावात
रात्री तीनला, बर्फात, रस्त्यावर चिटपाखरू नसताना
ती एकदा लाल दिव्यातून गेली होती.
आठ दिवसांनी घरी पत्र आलं. दंड, आणि सोबत फोटो.
फोटोत मी हसत होते, म्हणाली.
आणि हे सांगताना हसली नाही.

मग मोबाईलवर आपल्याच देशाचे नियम काढले,
एका ओळीवर नख ठेवलं:
पोलिसाचा हात दिव्यापेक्षा मोठा.
तुम्ही हात दाखवा, म्हणाली. रीतसर. मग जाते.

हात.
जालन्याला ट्रेनिंगमध्ये शिकवला होता,
पहाटे, रांगेत, कोपर वाकलं की छडी.
त्यानंतर या हातानं
ट्रक बाजूला घेतले, माशा हाकलल्या,
आणि जे काय घ्यायचं ते घेतलं.

टोपी सरळ केली. वाढदिवसाच्या बॅनरखालच्या
त्या गोल ओट्यावर चढलो.
डावा हात ताठ, पंजा उघडा, भोकरदनकडच्या गाड्यांना.
थांबल्या!
देवाशपथ, ट्रॅक्टरसुद्धा थांबला.
उजव्या हातानं तिला बोलावलं,
जसं पुस्तकात आहे, तसं.

ती निघाली. जाताना मान लववली,
माझ्या छातीवरची पाटी वाचायचा प्रयत्न केला,
क-डु-बा, एवढं जमलं,
अन् अजिंठ्याच्या रस्त्यानं धुरळ्यात गेली.

मागं टेम्पो, एसटी, सगळे सुटले,
नेहमीसारखे, जिकडून जमंल तिकडून.
मोटरसायकलवर तिघं पोरं माझ्यापाशी हळू झाली,
काका, कुणाला हात करायलात?

काय सांगावं.
हात वरच होता.
खाली कसा घ्यायचा असतो
ते शिकवलं होतं,
ऐनवेळी आठवंना.