बुरादा

गेल्या दिवाळीला उल्का विनिपेगहून आली
आणि बॅगेतून तीन पाकिटं काढून
ओट्यावर आपटलीन. गोड खोबरं.
लांब लांब ओलसर कीस,
चिमटीत धरला की बोटांना चिकटणारा.
"इथे मिळायचं नाही तुला."
एवढंच. आभार मानायला
ती जागाच ठेवत नाही.

तिसरं पाकीट श्रावणात संपलं.
तळाशी मुंग्या निघाल्या, त्या पाखडून
उरलेला पाव कपही वापरला.

मग सियागंज. हळदीच्या पोत्यांतून वाट काढत
सैफुद्दीनभाईंच्या गादीपाशी.
"मीठा खोपरा?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"मीठा तो आप करोगे, साहब.
खोपरा तो बस खोपरा है."
आणि अर्धा किलो बुरादा तोलला.

आमच्या इंदुरात सुताराच्या करवतीखाली पडतो
तोही बुरादाच.
घरी येताना पिशवी इतकी हलकी लागत होती
की शंका आली, दुकान तर चुकलं नाही?

पहिल्या खेपेला मी कपाला कप घातलं.
बँकेत चौतीस वर्षं काढलेला माणूस,
डावी बाजू उजवीशी जुळली की झोपणारा.
केक फुगला, रंगही बरा आला,
पण सुरी लावली आणि तो मुकाट्याने
ताटलीभर पसरला.
वासंती एक चमचा तोंडात टाकून म्हणाली,
"चहात बुडवून छान लागेल."
तीस वर्षांच्या संसारात
असे निकाल ऐकायची सवय होते.

रात्री उगाच आठवलं:
बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला मी गचकलो,
सगळं घर पेपर तपासणाऱ्याला शिव्या देत होतं,
उल्का एकटी म्हणाली, "अभ्यास केला नव्हतास."
मी आठ दिवस तिच्याशी बोललो नाही.
नवव्या दिवशी फॉर्म भरायला गेलो
तर खिडकीतला कारकून म्हणाला, फी जमा आहे.
तिच्या शिकवण्यांचे पैसे.
त्यावर ती कधी बोलली नाही,
मीही विचारलं नाही.

दूध, अंडी, लोणी,
कोरडं खोबरं सगळ्यांचं पिऊन टाकतं.
त्यात त्याचा दोष काय,
कोणी आधी पाणी विचारलेलंच नसतं.

दुसऱ्या खेपेला पाऊण कपच घेतलं.
कोमट दूध, दोन चमचे साखर,
वर झाकण. अर्धा तास.
तेवढा वेळ काय करायचं म्हणून
विनिपेगला फोन लावला.
तिकडे सकाळ, तिचा आवाज कोरा.
"काय काम होतं?"
काम नव्हतं. मी गुडघ्यांचं विचारलं,
खिडकीतून काय दिसतं ते विचारलं,
जेल रोडवरची आपली जुनी खोली
आता मोबाईलचं दुकान झाली ते सांगितलं.
ती आधी "हं" म्हणत होती,
मग "हं का?"
मग एकदम बर्फ काढणाऱ्या शेजाऱ्याची नक्कल केलीन
आणि मला ठसका लागेस्तोवर हसवलंन.

झाकण काढलं तर भांडं भरून आलेलं.
वास ओल्या नारळाचा नव्हे,
पण त्याच्या चुलतभावाचा नक्की.

"माझं खोबरं आहे ना अजून?"
"संपलं. इथलं घालतोय, सियागंजातलं."
"भुसा लागेल."
"बघू."
"...गोड कमी घाल. त्यांचं फारच गोड असतं.
मला नाही आवडत."
एवढं म्हणून फोन ठेवलान.
मी हातात चमचा घेऊन उभा.
चार हजार रुपये जादा वजनाचे भरून
आणली होती तिने ती पाकिटं.

केक सरळ कापला गेला.
वासंतीने दुसरा तुकडा मागितला नाही,
स्वतःच घेतला.

बुराद्याची पिशवी आठवडाभर उघडी होती ओट्यावर,
एक मुंगी फिरकली नव्हती.
आज पहाटे पाणी प्यायला उठलो
तर केकच्या डब्यापासून खिडकीपर्यंत
बारीक काळी रांग.
मी दिवा मालवला. जाऊ दे,
त्यांचंही काही म्हणणं असेल.