कातरण

मढवी काकूंच्या फॉल-पिकोच्या दुकानातून
दर शनिवारी मी एक पिशवी कातरण आणते.
घणसोली गावात, पिठाच्या गिरणीला लागून दुकान,
त्यामुळे काळ्या कापडावर नेहमी थोडं पीठ.
गोधडी शिवतेस का, काकूंनी एकदा विचारलं.
नाही, रंगवते.
रंगीतच तर आहे सगळं, म्हणाल्या,
आणि आणखी एक मूठ पिशवीत कोंबली.

रात्री महापेहून आले, जेवले, की
एक तुकडा टाचणीने भिंतीला लावते,
दिवा डावीकडे ओढते
आणि टॅबलेटच्या काचेवर पेन टेकवते.
काच गुळगुळीत. पेनाचं टोक गुळगुळीत.
या दोन गुळगुळीतांमधून
मला खादीची खरखर काढायची असते.

सुती कापड उजेड पिऊन टाकतं,
हिशेब देत नाही.
मखमल मधोमध काळीभोर, आणि कडेला उजळते
चिडलेल्या मांजरीसारखी.
जॉर्जेटमागे भिंत दिसली पाहिजे,
पण नजर भिंतीवर जाता कामा नये.
सॅटिनला तीन आठवडे गेले.
प्रत्येक चुणीवर मी पांढरी रेघ ओढत गेले,
चमकतंय, चमकतंय म्हणत.

काकूंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.
"यो सॅटिन नाय ग. यो पतरा हाय."
मग मशीन थांबवून एक जांभळा तुकडा
नुसताच कैचीच्या टोकाला अडकवला.
"आदी बघ, धरलाय कुठं.
बाकीचा कापड सांगंल तुला."

त्या रात्री सगळी चमक पुसली.
कैचीच्या टोकाची जागा एका ठिपक्याने ठरवली
आणि तिथून वजन खाली सोडलं.
पांढऱ्याला हात लावला नाही;
जांभळ्याचाच एक फिका भाऊ, दोनदा, हलक्या हाताने.
दोनच्या सुमाराला कापड लोंबायला लागलं.
मी उठून खिडकी लावून घेतली,
वाऱ्याने हलेल म्हणून.

मग धीर आला. मग काकूंनाच काढलं.
साडीचा घोळ एका रविवारात झाला.
अडली ती गळ्यातली टेप.
ती धड कापड नाही, धड प्लास्टिक नाही,
मेणचट, मानेवर वळते पण घडी घेत नाही.
आणि आकडे: बाकी सगळे ठळक,
बत्तीस ते अडतीस तेवढे पुसट,
गावभरच्या ब्लाउजांनी झिजवलेले.
मी आधी ते नीट लिहिले,
मग खोडरबर दहा टक्क्यांवर ठेवून
घासत बसले, एकेका बाईचं माप घेतल्यासारखी.
छत्तीसला सगळ्यात जास्त वेळ लागला.

दाखवायला नेलं तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं.
काकू बघत राहिल्या.
"मी डावरी कवा झाली ग?"
चुका दिसाव्यात म्हणून आदल्या रात्री
चित्र आरशासारखं उलटवलं होतं,
ते तसंच राहिलं, कैची डाव्या हातात.
सुलट करणार, तेवढ्यात त्यांनी
गिऱ्हाइकाच्या साडीचा पोत बघावा तसा
चित्रातल्या पदराचा काठ
अंगठ्या-बोटात धरला. काचेवर.

चिमूट मिटली तशा काकू लहान झाल्या,
बटणाएवढ्या.
दचकून त्यांनी बोटं उघडली
आणि पदर वाढत गेला, टेप गेली, दुकान गेलं,
काचभर नुसते उभे-आडवे धागे,
त्यातला एक माझ्या हातून सुटलेला.

त्यांनी तो नखाने आत ढकलून पाहिला.