ओल धरून

नागीण गेली. तिची वाट राहिली,
कण्यापासून उजव्या छातीखाली, चार बोटं रुंद,
पथारीवरून मिरची उचलल्यावर
जमीन लाल राहते तशी.

फोड आले तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं काय करायचं.
धृपदाबाईनं गेरू लावला.
शनिमांडळच्या एकानं निळ्या शाईनं
दोन्ही टोकांना रेघ मारली:
तोंड शेपटीला भेटलं की माणूस संपतो.
भेटलं नाही. खपल्या गळल्या,
लोकांच्या लेखी मी बरा झालो.

आठ महिने घरात उघडा बसतो.
सुताचा धागा लागला
तरी कुणी ठेचा चोळतं.
गोळ्या मला झोपवतात, तिला नाही.
सरू दारातून विचारते, "दुखस का?"
हात पुढे करते, मागे घेते.

मग दोंडाईच्याची हेमांगी गिरासे,
कोरियात देगूला सहा वर्षं शिकून आलेली.
मनगटावर तीन बोटं ठेवून गप्प बसली,
मी गोणीत हात घालून बसायचो तशी,
ओल कळेपर्यंत.
जीभ पाहिली. वाऱ्यानं वाढतं का? रात्री किती वाजता?
वेळ कुणी विचारली नव्हती आजवर.

"दहापैकी किती?"
मी मापाडी. चौतीस वर्षं नंदुरबारात मिरची तोलली,
सकाळची दवाची, दुपारची खडखडीत,
व्यापाऱ्याच्या डोळ्यात बघून ओल कापली.
हे कुठल्या काट्यावर ठेवू, पोरी?
"आठ," म्हणालो, अंदाजानं.

दुखतं उजवीकडे,
सुया डाव्या पायात, डाव्या हातात, केसाएवढ्या.
"तिथं अजून जायचं नाही. दुसऱ्या दारानं जाऊ."
पाल्याची गोळी पेटवली, धूर आला,
आणि चैत्रातलं देवघर आठवलं.
दवण्याच्याच कुळातला, म्हणाली.

"पूर्ण जाईल?"
"तसं मी म्हणत नाही, काका.
आणि गोळ्या मनानं बंद करू नका."
बाजारात असा भाव कुणी सांगत नाही.

अकरावी खेप. गाडी उशिरा.
घरी आल्यावर खुंटीवरचा सदरा
खांद्यावर नुसता टाकला, बाही न घालता.
सरूनं भाकर थापता थापता पाहिलं,
तव्यावरची करपली.

दिवा मालवल्यावर तिचा हात आला,
डाव्या खांद्यावर.
"कितला?"
"पाच."
पंखा फिरत होता. पंख्याचा वाराही लागत होता.
खोटं माप कधी दिलं नाही.
"ओल धरून सहा."